कॉमोडोरवर सी लिहिणं ही फसवणूक नव्हे

यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात माशेलच्या घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) बांधून झाली, आरती झाली, सगळे पानावर बसले, तरी भाची मागच्या पडवीत एकटीच. मांडीवर लॅपटॉप नाही हे पाहूनच मला चुकल्यासारखं झालं. गेले दोन महिने ती एक खेळ लिहीत होती. खेळ साधा आहे: माटोळीची फळं वरून पडतात, तवशी, नारळ, आंबाडे, कवंडळ, आणि खाली टोपली सरकवत ती झेलायची. लिहीत होती कॉमोडोर ६४ या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकासाठी, सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत, सीसी६५ हा क्रॉस-कंपायलर वापरून. म्हणजे प्रोग्राम लॅपटॉपवर लिहायचा, तिथेच तो जुन्या यंत्राच्या ६५०२ जातीच्या प्रोसेसरसाठी भाषांतरित करायचा आणि मग यंत्रात भरायचा. यंत्र माझ्या थोरल्या भावाचं. तो बोटीवर होता, १९८७मध्ये घेऊन आला, आणि त्याच्यावर मी बेसिक ही नवशिक्यांची प्रोग्रामिंगची भाषा शिकलो.

"काय झालं गो?"

"सोडला खेळ. ते म्हणे खरं नसतंच, मामा. फसवणूक असते."

तिने फोन पुढे केला. घरच्या ग्रुपवर आलेला मजकूर, आधी तिच्या कॉलेजच्या ग्रुपवरही येऊन गेलेला. खाली कुणाचं नाव नाही. मजकुराचा गाभा असा: सी भाषा मोठ्या यंत्रांसाठी बनली, आठ बिटांच्या संगणकावर ती चालूच शकत नाही. दुसऱ्या यंत्रावर लिहून जुन्यावर टाकणं ही फसवणूक, कारण त्या काळचे लोक त्याच यंत्रासमोर बसून यंत्राच्या भाषेतले हेक्स (सोळाच्या पायाचे) आकडे हाताने भरत. कंपायलरचा कोड हातच्या कोडपेक्षा शंभरपट हळू असतो. त्या काळच्या वस्तू दणकट, तेव्हा माळ्यावरचं यंत्र काढा आणि त्याच्याच अडॅप्टरवर लावा. आणि शेवटी, शिकायचं असेल तर सी विसरा, थेट असेंब्ली शिका, म्हणजे प्रोसेसरची एकेक आज्ञा हाताने लिहायची भाषा.

अठरा वर्षांच्या मुलीने हे वाचलं आणि दोन महिन्यांचं काम बाजूला ठेवलं. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात अडॅप्टरपासून करतो, कारण बाकीचे मुद्दे वाचून गैरसमज होतो, हा वाचून यंत्र मरतं. कॉमोडोर ६४च्या अडॅप्टरमधून ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन पुरवठे येतात. त्यातल्या ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) राळेत ओतून बंद केलेला असतो. उष्णता आतच कोंडते आणि दुरुस्तीला तो उघडताही येत नाही. वय झालेला रेग्युलेटर बिघडतो तेव्हा बरेचदा व्होल्टेज पडत नाही, उलट वाढतं, आणि ते वाढलेलं व्होल्टेज सरळ रॅमच्या चिपांवर जातं. त्या चिपांना ५ व्होल्टच्या फार वर गेलेलं काही सोसत नाही. चार तारा जोडून बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला, या तक्रारीमागे जगभर हेच कारण वारंवार सापडलेलं आहे. मल्टिमीटरने मोजून पाहा, पण नुसत्या मोजण्यावरही विसंबू नका. रिकामा, थंड अडॅप्टर ५ दाखवतो आणि भार पडून तापल्यावर वर चढतो. नवा पुरवठा घ्या किंवा मधे जादा व्होल्टेज तोडणारं सर्किट बसवा. आमच्या यंत्राला मी आता जुना अडॅप्टर लावत नाही आणि लावणारही नाही. आपल्याकडे चार महिने पावसाची ओल असते, माळ्यावर राहिलेल्या यंत्राचे सॉकेट आणि कनेक्टर आधी साफ करावे लागतात, ते वेगळंच. "दणकट असतं, लावून टाका" असं सांगणाऱ्याने एकही यंत्र उघडून पाहिलेलं नाही, एवढं नक्की.

आता फसवणुकीचं. १९७५मध्ये बिल गेट्स आणि पॉल ऍलन यांनी अल्टेअर या आठ बिटांच्या यंत्रासाठी बेसिक लिहिलं. कशावर लिहिलं? हार्वर्ड विद्यापीठातल्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर. अल्टेअरमधल्या ८०८० प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम ऍलननी तिथेच तयार केला आणि बेसिक त्या नकलेवर चालवून पाहिलं. ऍलन कागदी पट्टी घेऊन अल्बुकर्कला गेले तोपर्यंत दोघांपैकी कुणीही खऱ्या अल्टेअरला हात लावला नव्हता. ज्या कामातून मायक्रोसॉफ्ट उभी राहिली ते कामच असं झालं. स्पेक्ट्रम या आठ बिटांच्या संगणकावर १९८३मध्ये गाजलेला मॅनिक मायनर हा खेळही स्पेक्ट्रमसमोर बसून नव्हे, टँडी कंपनीच्या टीआरएस-८० या दुसऱ्या संगणकावर लिहिला गेला. ज्याच्याकडे दुसरं बरं यंत्र होतं त्याने ते तेव्हाही वापरलं. साधं कारण आहे: ज्या यंत्रावर प्रोग्राम चालवून बघायचा त्याच्यावरच लिहीत बसलात, तर तो अडकला की लिहिलेलं सगळं त्याच्यासोबत जातं.

हाताने आकडे भरणारे लोक होते, हे खरं. मासिकांत पानंच्या पानं आकडे छापून येत आणि आम्ही ते बेसिकमधल्या डेटाच्या ओळींत रात्ररात्र भरत असू. मीही भरलेत. पण ते टंकलेखन होतं. प्रोग्राम ज्याने लिहिला त्याने तो बहुतेक वेळा असेंब्लरमध्ये (असेंब्लीचे आकडे करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) लिहिला होता, आमच्यापर्यंत त्याचा नुसता आकडेरूपी सांगाडा येत होता.

सी चालूच शकत नाही, या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. सी १९७२च्या सुमारास पीडीपी-११ या संगणकावर घडली, आणि ती घडवणाऱ्या युनिक्सच्या लोकांना मिळालेल्या पहिल्या पीडीपी-११ची मेमरी २४ किलोबाइट होती. कॉमोडोरमध्ये ६४ आहेत. ८०८० आणि झेड८० या आठ बिटांच्या प्रोसेसरांसाठी बीडीएस सी हा कंपायलर १९७९मध्ये विकत मिळत होता, रॉन केन यांचा स्मॉल-सी १९८०मध्ये मासिकात अख्खा छापून आला. आज झेड८०साठी झेड८८डीके आहे आणि एसडीसीसी आहे, ज्याचा मूळ लेखक संदीप दत्ता. ज्यांच्या घरी कॉमोडोरऐवजी भारतात जुळवलेला, झेड८० प्रोसेसरचा डीबी स्पेक्ट्रम पडून असेल त्यांनी त्या दोहोंकडे वळावं. आणि सीसी६५ कॉमोडोरवरचा बेसिकचा रॉम (बेसिक कायमचं कोरलेली चिप) बाजूला करून २०४९ या पत्त्यापासून ५३२४७पर्यंतची जागा देतो. प्रोग्राम, डेटा आणि स्टॅक मिळून सुमारे ५० किलोबाइट. माटोळीला रग्गड झाले.

राहिलं ते शंभरपट. याच आकड्याने भाचीचा धीर गेला, कारण तिचा खेळ खरंच हळू होता. फळं धक्के खात पडत होती. तिला वाटलं, मजकुरात लिहिलंय तेच होतंय.

मी तिला लॅपटॉप आणायला लावला आणि एक जुनी युक्ती दाखवली. कॉमोडोरच्या ५३२८० या पत्त्यावर आकडा टाकला की पडद्याच्या कडेचा रंग बदलतो. खेळाचं एका फेरीचं काम सुरू होताना कड लाल करायची, काम संपलं की पुन्हा काळी. पडदा वरून खाली रंगवला जात असतो, त्यामुळे कामाला जितका वेळ लागला तितक्या उंचीचा लाल पट्टा कडेला दिसतो. पाल या टीव्ही पद्धतीच्या यंत्रात एका चित्रात ३१२ ओळी आणि दर ओळीला प्रोसेसरच्या घड्याळाचे ६३ ठोके, म्हणजे चित्रामागे १९,६५६ ठोके, सेकंदाला अशी पन्नास चित्रं. त्यातले काही ठोके चित्र काढणारी व्हिक चिप स्वतःसाठी घेते. उरलेल्यात तुमचं काम बसलं पाहिजे.

पट्टा अख्ख्या कडेला पसरून पुन्हा वरून सुरू होत होता. सात फळं आणि एक टोपली, एवढ्यासाठी.

मग आम्ही कोड उघडला. तिने तो कॉलेजात शिकवतात तसाच लिहिला होता, आणि पीसीवर त्यात काहीही चूक नाही. प्रत्येक फळाचा एक स्ट्रक्ट (माहितीचा एकत्र बांधलेला गठ्ठा), त्यात पाच इंट (दोन बाइटांचे आकडे) आणि एक 'चार' (char, एका बाइटाचा), म्हणजे अकरा बाइट. तिसरं फळ हवं तर कंपायलरला तीनला अकराने गुणावं लागतं, आणि ६५०२ला गुणाकाराची आज्ञाच नाही. तो बेरजा आणि सरकवण्याने करावा लागतो, दर वेळी. शिवाय फंक्शनच्या आतली सगळी चलं (व्हेरिएबल) स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या माहितीच्या थप्पीवर. ६५०२चा स्वतःचा स्टॅक २५६ बाइटचा, सीला तो पुरत नाही, म्हणून सीसी६५ मेमरीत आपला वेगळा स्टॅक मांडतो आणि तिथपर्यंत आडवाटेने जातो. ठरलेल्या पत्त्यावरचा एक बाइट उचलायला ४ ठोके लागतात. त्या स्टॅकवरचा इंट उचलायला निदान १४. आणि वर गुण दाखवायला प्रत्येक चित्रात प्रिंटएफ ही मजकूर छापणारी जड आज्ञा, गुण बदललेले असोत वा नसोत.

यातली एकही गोष्ट गुपित नाही. सीसी६५च्या कागदपत्रांत सी लिहिण्याच्या सूचनांचं एक पान आहे आणि मला हे सगळं त्याच पानाने शिकवलं. कंपायलर करणाऱ्यानेच तिथे स्वच्छ सांगितलंय की वरच्या पातळीवरची हुशारी हा कंपायलर करत नाही, ती तुम्ही करा. जमेल तिथे अनसाइन्ड (उणे चिन्ह नसलेले) आकडे वापरा. इंटऐवजी 'चार' (char) वापरा. लाँग, म्हणजे चार बाइटांचा आकडा, फार महाग पडतो. ॲरेच्या (एका जातीच्या आकड्यांच्या रांगेच्या) घटकाचा आकार १, २, ४ किंवा ८ बाइट ठेवा. तो मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही हे एक पान वाचलं असतं तर शंभरपटचा आकडा तिथेच गळून पडला असता.

भाचीने स्ट्रक्ट मोडला. फळांच्या उभ्या जागांचा एक ॲरे, आडव्या जागांचा दुसरा, वेगाचा तिसरा, सगळे एकेका बाइटचे. इथे तिने मला अडवलं: स्प्राइटची (चिप पडद्यावर हलवते त्या छोट्या चित्राची) आडवी जागा २५५च्या पुढे जाते, एका बाइटात मावणार कशी? बरोबर प्रश्न. पण फळ सरळ खाली पडतं, त्याची आडवी जागा फांदीवरून सुटताना एकदाच ठरते. ती निम्मी करून ठेवायची आणि चिपला देताना दुप्पट करायची. उभी जागा तर चिपलाही एकाच बाइटात हवी असते. फेरीची चलं स्टॅटिक केली, म्हणजे स्टॅकवरून काढून ठरलेल्या पत्त्यावर ठेवली. प्रिंटएफ काढून गुणांचे चार अंक चार बाइटांत ठेवले, गुण वाढला तरच अंक पडद्यावर लिहायचे.

पट्टा कडेच्या वरच्या चौथ्या भागात येऊन थांबला. भाषा तीच, कंपायलर तोच.

मग मी तेच आतलं वर्तुळ स्वतः असेंब्लीत लिहिलं, कारण मलाही खरं काय ते पाहायचं होतं. पट्टा आणखी आखूड झाला, आधीच्या निम्म्याहून थोडा कमी. हातचा कोड जिंकतो, हे मला कबूल करावं लागेल, आणि काही कामांत त्याला पर्यायच नाही. पडद्याच्या ठराविक ओळीवर रंग बदलायचा, अख्खं चित्र मऊ सरकवायचं, डिस्क वेगाने वाचायची, तिथे एकेक ठोका मोजावा लागतो आणि सी मोजू देत नाही. सीसी६५सोबत असेंब्लर येतो तो त्यासाठीच. पण निम्मं म्हणजे शंभरावा भाग नव्हे. आणि तिच्या खेळाला त्या निम्म्याची गरजही नव्हती, चित्रामागचा पाऊण वेळ आधीच मोकळा होता. माझं असेंब्ली आम्ही काढून टाकलं.

शेवटचा मुद्दा, सी विसरा आणि असेंब्ली शिका. सीसी६५ला सांगितलं तर तो मशीनचा कोड करण्याआधी थांबतो आणि असेंब्लीची यादी देतो, तुमची सीची ओळ वर टिपणासारखी ठेवून तिच्याखाली तिचं झालेलं असेंब्ली. चवथीच्या पाचव्या दिवशी विसर्जन करून आलो तेव्हा भाचीने तिच्या खेळाची ती यादी काढली होती आणि पेन्सिलने ओळीओळीला ठोके लिहीत होती. ते तिला मी सांगितलेलं नव्हतं.

परवा रात्री तिने त्या यादीतल्या एका जागेचा फोटो पाठवला. वाय रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या एका बाइटाच्या कप्प्यात) एक आकडा भरलेला, तीन ओळींनंतर तोच आकडा पुन्हा भरलेला, मधे वायला कुणी हात लावलेला नाही. खाली लिहिलं होतं, "हा दुसऱ्यांदा कशाला, मामा?"

मी यादी दोनदा तपासली. तो खरंच नको होता.