एमआरआय म्हणजे निकाल नव्हे
अपघातानंतरच्या पाठदुखीबद्दलच्या कोर्टातल्या दाव्यांवरच्या एका लेखात म्हटलंय की एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती झिजलेली दिसली की दुखण्याचा अपघाताशी संबंध सिद्ध झाला. इतकं सोपं नसतं हो! २०१५च्या एका संशोधन-आढाव्यानुसार, पाठीचा काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्येही अशी झीज दिसते. ऐंशीच्या वयात तर ९६ टक्के. म्हणून तज्ज्ञ जुनी कागदपत्रं मागतात, दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते खोदून विचारतात. ताज्या फ्रॅक्चरला हाडात सूज दिसते, पण ती पुढे ओसरते. एमआरआय उशिरा काढला की वाद रंगतो (उलटतपासणीत डॉक्टरांना घाम फुटतो तो इथेच). मात्र झीज आधीची होती म्हणून माणूस खोटं बोलतोय, असंही नाही. न दुखणारी पाठ धडकेनंतर दुखू लागली, तर तो फरक मोजायला नको का?