मलावीचा मका आणि मदतीचं लिंकिंग

विषय निघाला यूएसएडवरून, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेवरून. २०२५ च्या जुलैत अमेरिकेने ती गुंडाळली, त्यावर मन्या खूश. "आफ्रिकेत शेतीसाठी इतका पैसा ओतला, उगवलं काय?"

"मलावीत उगवलं की," सुभाषकाका म्हणाले. "पण देणाऱ्यांचं ऐकलं नाही म्हणून!" काकांनी खताचं दुकान चालवलंय, त्यामुळे या विषयावर त्यांना कोणी थांबवत नाही.

२००५ मध्ये तिथे मका बुडाला. जवळपास ५० लाख लोक मदतीच्या धान्यावर आले. जागतिक बँक आणि मदत देणारे देश कितीतरी वर्षं बजावत होते, खतावर अनुदान देऊ नका, बाजार बघून घेईल. राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी नेमकं तेच दिलं. कुपनं वाटली, खताची गोणी स्वस्तात, वर बियाणं. पहिल्या वर्षी खर्च स्वतःच्या तिजोरीतून. पाऊसही धावून आला, हे काकांनी मान्य केलं. दोन वर्षांत मका दुपटीच्या वर गेला, झिंबाब्वेला विकला. ब्रिटनचा पैसा दुसऱ्या वर्षी आला.

"म्हणजे पीक दिसल्यावर," राहुल म्हणाला. "आणि आधीच्या अटी म्हणजे खताच्या दुकानातलं लिंकिंगच ना? युरिया हवा तर ही बाटलीपण घ्या."

काका एकदम चहा मागवायला वळले. सगळे हसले.

मन्या हटेना. "मग मलावी अजून गरीब का?"

हा प्रश्न खरा. खत बाहेरून येतं, डॉलर मोजून. २००८ ला जगभर खत भडकलं आणि अनुदानाचा बोजा फुगला. पुढे डॉलरचीच टंचाई. २०११ ला मुथारिकांनी ब्रिटिश उच्चायुक्तालाच देशाबाहेर काढलं, ब्रिटनने मदत रोखली.

राहुलने आपलं घरचं प्रकरण काढलं. भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून मलावीने शेतकऱ्यांसाठी ट्रॅक्टर घेतले, त्यातले बरेच वजनदार लोकांनी स्वस्तात उचलले. २०१६ मध्ये तिथल्या लोकपालांनी ते चव्हाट्यावर आणलं. कर्ज मात्र देशाच्या डोक्यावर.

मला विचाराल तर पैसा किती, यापेक्षा तो कशावर घालायचा हे कोण ठरवतं यावर सगळं अडतं. मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, २००३ मध्ये आफ्रिकी सरकारांनी स्वतःच बजेटचा १० टक्के शेतीला द्यायचं कबूल केलं होतं.

"आणि पाळलं किती जणांनी?" मन्याने लगेच पकडलं.

"थोड्यांनी," काका म्हणाले. "मलावीने पाळलं. पण त्यातला मोठा वाटा खतातच गेला, पाण्याला आणि मातीला फारसं उरलंच नाही."

"बघा, दुकानदारच सांगतोय!"