माळढोक, जीप आणि शेवटची सकाळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जैसलमेरच्या सहलीतल्या शेवटच्या सकाळीवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. लोक एवढे पैसे भरून पुण्या-मुंबईहून आले, समोर माळढोक हा माळरानावरचा दुर्मीळ, मोठा पक्षी दिसत होता, तरी गाईडने जीप वाटेवरून खाली उतरू दिली नाही. आणि मी त्याचंच कौतुक केलं, हे तुम्हाला खटकलं. माळढोक विजेच्या तारांनी मरतात, फोटो काढणाऱ्यांमुळे नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा.

तारांबद्दल तुम्ही बोलताय ते खरंच आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे उडताना त्याला समोरचं कमी दिसतं, आणि 15 किलोपर्यंत भरणारा नर आयत्या वेळी वळू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखाली न्यायला सांगितल्या, 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. तारा आजही आहेत.

पण म्हणूनच जीप खाली उतरवायची नसते. चरणारा माळढोक तारेला धडकत नाही, उडालेला धडकतो. तो आपणहून उडतो तेवढं आपल्या हातात नाही, मान्य. घाबरून घेतलेलं उड्डाण मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं.

त्या सकाळी काय झालं ते जरा नीट सांगते. डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या सुदासरीजवळ सेवण गवतात एक नर चरत होता. स्कोपमधून, म्हणजे लांबचं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून, काळी टोपी आणि पांढरी मान स्वच्छ दिसत होती. चार पावलं चालायचा, वाकून काहीतरी टिपायचा. मागून दुसऱ्या एका गाडीचं इंजिन सुरू झालं आणि त्याचं टिपणं थांबलं. मान ताठ, चोच किंचित वर, अंग जागच्या जागी. आमच्या गाईडने काही न बोलता ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. मागची ती गाडी थांबली, बऱ्याच वेळाने पक्ष्याने मान खाली घातली. एवढ्या लांबून, नुसत्या इंजिनाच्या आवाजाने त्याचं खाणं बंद पडलं होतं.

‘एका जीपने काय होतंय?’ असं तुम्ही विचारता. थंडीच्या हंगामात तिथे रोज कुठल्या ना कुठल्या ग्रुपचा शेवटचा दिवस असतो. ‘आता नाही तर कधीच नाही’ हे प्रत्येकालाच वाटतं, आणि तो सगळा भार त्याच मोजक्या पक्ष्यांवर पडतो. गाईडवरही पडतो, त्याचं पोट आपल्या बक्षिसीवर आणि आपण पुढे काय सांगतो त्यावर चालतं. तरीही तो नाही म्हणाला. याचं कौतुक मी पुन्हा करेन.

मोकळ्या रानात आता माळढोक उरलेत 150च्या आसपास, त्यातले बहुतेक थरच्या वाळवंटात. मादी एका वेळी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. तिथे आज एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. आपण मराठी माणसांनी हे घरच्या अंगणात पाहिलंय, म्हणून राजस्थानात जाताना तरी जास्त जपून वागावं, असं मला मनापासून वाटतं.

जागेचा नेमका पत्ता मागितलात, तो मात्र देणार नाही. जानेवारीत निघताय तर सुदासरी पहिल्याच सकाळी ठेवा, म्हणजे नाही दिसला तरी दुसऱ्या दिवशी शांतपणे परत जाता येतं. तिथला स्थानिक गाईड घ्या आणि जवळ न्यायचा आग्रह त्याला करू नका. शेवटचा दिवस जोधपूरच्या वाटेवर फलोदीजवळच्या खीचनसाठी राखून ठेवा. गावकरी तिथे कांड्या करकोच्यांना, म्हणजे त्यांच्या कुरजांना, वर्षानुवर्षं दाणे घालत आलेत. सकाळी उजाडल्यावर थवेच्या थवे दाण्यांवर उतरतात. एखाद्या गच्चीवर परवानगी घेऊन बसलात तर हवे तेवढे फोटो मिळतील, कुणाला उडवावं लागणार नाही.