बादलीत बुडवून बघितला का?

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि तेही पहाटे तीनला येणार की भर दुपारी, या काळजीत अख्खी गल्ली जागी असते. अशा गावातल्या माणसाला पाण्याखाली चालणारा कॅमेरा घ्यायची हुक्की आली की पहिला प्रश्न घरातूनच येतो, "पाणी कुठंय पण?" पाणी मालवणला आहे. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरायचा, तारकर्लीला मुक्काम टाकायचा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग करायचं, म्हणजे तोंडात नळी धरून, पाण्यात डोकं घालून मासे बघायचे. दिवाळी झाली की निम्मं जुळे सोलापूर तिकडेच भेटतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला मासे स्वतःच्या कॅमेऱ्यात पाहिजे असतात. बजेट मात्र दोन चादरी आणि एका टॉवेल सेटच्या पुढे सरकत नाही.

मेहुणा नावाची व्यक्ती इथे पहिला सल्ला देते, तोही फुकटचा. "कॅमेरा कशाला बे? फोन वॉटरप्रूफ हाय की तुझा. आयपी अडुसष्ट लिहिलंय बघ."

हे अडुसष्ट म्हणजे ६ आणि ८ असे दोन वेगळे आकडे आहेत. ६ धुळीचा. धूळ अजिबात आत जाणार नाही असा त्याचा अर्थ, आणि विजापूर रोडवर रोज जा-ये करणाऱ्याला तो फार उपयोगाचा आहे. ८ पाण्याचा. एक मीटरपेक्षा खोल चालेल, पण किती खोल आणि किती वेळ ते ज्याच्या त्याच्या कंपनीने ठरवायचं. पुष्कळ फोनांना दीड मीटर आणि ३० मिनिटं सांगितलेली असतात, आयफोन १२ ला ६ मीटर. ही परीक्षा गोड्या आणि शांत पाण्यात होते. अरबी समुद्र यातलं काहीच नाही. खारं पाणी चार्जिंगच्या भोकात सुकलं की मीठ मागे राहतं, पिना हिरव्या पडतात, आणि सर्व्हिस सेंटरमधला मुलगा आतली लाल झालेली खूणपट्टी दाखवून हात वर करतो. आत पाणी गेल्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे त्या पुस्तिकेत छापलेलंच असतं. ती पुस्तिका आपण फोनच्या खोक्यासकट माळ्यावर टाकलेली असते.

मग येतो पाऊच. गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी, दोनशे-तीनशे रुपये. पाऊचबद्दल माझं मत वाईट नाही. वाळूत बसून कणीस खाताना फोन वाचवायला तो झकास. पाण्याखाली गेला की मात्र दाबाने प्लास्टिक काचेला चिकटतं आणि फोनला वाटतं दहा बोटं एकदम लागली. तो मनानेच सेल्फी कॅमेरा सुरू करतो, नाहीतर कुणालातरी फोन लावायला बघतो. त्यावर उपाय असा, की किनाऱ्यावरच व्हिडिओ चालू करून पाऊच बंद करायचा, किंवा आवाजाच्या बटणाने फोटो काढायचा. बहुतेक फोनांत ते बटण शटरचं काम करतं. थोडी हवा आत राहू द्यावी म्हणजे हातातून सुटला तर तरंगेल. विकत घेतल्या दिवशीच आत फोनऐवजी टिश्यू पेपर आणि एक जड चमचा घालून बादलीच्या तळाशी अर्धा तास ठेवायचा. कागद कोरडा निघाला तरच फोनचा नंबर. बादलीतलं पाणी मग तुळशीला घालायचं. वाया घालवायचं नाही, पाचवा दिवस अजून लांब आहे.

यापुढची पायरी नवी पेठ, म्हणजे बाजारातलं दुकान.

"या मालक. हा बघा. फोर के, अठ्ठेचाळीस मेगापिक्सल, तीस मीटर."

"तीस मीटर कॅमेरा, का डबी?"

"डबी की. पण कॅमेरा डबीतच असतोय की ओ."

"डबी उघडून दाखवा."

"सील तुटतंय, अण्णा."

सील तुटलं तरी डबी उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चार-पाच हजारांच्या या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यांत कॅमेरा स्वतः पाण्याला घाबरतो, सगळा भरवसा त्या प्लास्टिकच्या डबीवर असतो. झाकणाच्या आतल्या कडेला रबराची रिंग असते. ती खाचेत सरळ बसलीय का, कुठे पिळा नाही ना, बोटाने हळूच फिरवून बघावं. खटका लावताना जोर लागायला पाहिजे. स्टीलच्या डब्याच्या झाकणासारखा सहज लागला तर नमस्कार करून बाहेर पडावं. खोक्यात एक उघडी चौकटही येते, ती हेल्मेटवर लावायला. घाईत तीच लावून बोटीतून उतरणारे वीर दर मोसमाला निघतात.

'फोर के' (व्हिडिओचा बारकावा) आणि 'अठ्ठेचाळीस'चं प्रकरण पिठल्यासारखं आहे. पाहुणे वाढले की पाणी वाढवायचं. आतला सेन्सर देतो तेवढंच देतो, बाकीचं सॉफ्टवेअर फुगवतं. दुकानातच एक मिनिट हालतं काहीतरी शूट करावं, रस्त्यावरची रिक्षा उत्तम, आणि फोनवर घेऊन बघावं. व्हिडिओ सलग दिसायला सेकंदाला निदान २४-३० चित्रं पाहिजेत. रिक्षा बेडकासारखी उड्या मारत गेली तर तो मोड खोक्यावर छापण्यापुरता आहे. अशा वेळी १०८० वर (म्हणजे फुल एचडीवर) ठेवून चालवावा, तिथे हे कॅमेरे बऱ्यापैकी वागतात. कार्डावर V30 (म्हणजे सलग वेगाने साठवू शकणारं) लिहिलेलं असावं, आणि ते कॅमेऱ्याबरोबर 'फ्री' मिळालेलं नसावं.

डबीशिवाय पाण्यात जाणारे खरे कॅमेरे यापुढच्या खिशाचे. गोप्रोचे अलीकडचे बहुतेक हिरो १० मीटरपर्यंत तसेच उतरतात, डीजेआयचा ॲक्शन ४ हा १८ आणि ॲक्शन ५ प्रो २० मीटर. झूम आणि शटरचं नीट बटण असलेला, हातात धरल्यावर कॅमेऱ्यासारखा वाटणारा पाहिजे असेल तर ओएम सिस्टिमचा टीजी-७: १५ मीटर, १२ मेगापिक्सल, एक सेंटिमीटरवरून खेकड्याचा डोळा टिपणारा. २०२३ मध्ये आला तेव्हा त्याची अमेरिकेतली किंमत ५५० डॉलर होती, म्हणजे आपल्या यादीतून तो सन्मानाने बाद. कोडॅकचा डब्ल्यूपीझेड२ मिळाला तर तो गरिबाचा टीजी. १५ मीटर, चारपट झूम, फोटो उन्हात ठीक आणि सावलीत खिचडी.

"त्यापेक्षा जुना घ्या की," असं कुणीतरी म्हणतंच. निकॉनचा डब्ल्यू३००, ३० मीटरचा. फुजीचा एक्सपी१४०, २५ मीटरचा. दोन्ही चांगले होते, दोन्ही आता बनत नाहीत, आणि दोन्ही 'एकदाच गोव्याला नेलाय' या वाक्यासह विकायला असतात. ते 'एकदाच' घाबरवणारं आहे. खाऱ्या पाण्यातून येऊन न धुता दोन वर्षं कपाटात पडलेला कॅमेरा हा आतून मुरलेलं लोणचं असतो. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, त्यात सोलापूरचा एप्रिल ४२-४३ अंशांचा. म्हणून अशा कॅमेऱ्यांची सीलं वर्षातून एकदा बदलून घ्या, असं कंपन्या सांगतात. ज्या मॉडेलचं सील बदलून मिळत नाही तो कॅमेरा कोरड्या जमिनीवर वापरावा, म्हणजे स्वस्तात घेतल्याचं समाधान टिकतं. असा वापरलेला घेण्यापेक्षा चालू कंपनीचा एक-दोन पिढ्या मागचा, पण खोकाबंद कॅमेरा घ्यावा असं माझं म्हणणं आहे.

आणि मीटरवरून भांडणं थांबवावीत. मालवणात स्नॉर्कलिंगला उतरवतात तेव्हा अंगात लाइफ जॅकेट असतं, एक हात तरंगत्या रिंगेला धरलेला असतो आणि रिंग वाटाड्याच्या ताब्यात. जॅकेट माणसाला बुडूच देत नाही. कॅमेरा ३० मीटरचा असला तरी तो खाली जातो आपल्या हाताच्या लांबीइतका, म्हणजे दोन फूट. १० मीटर खोलीवर हवेचा नेहमीचा दाब आणि तेवढाच पाण्याचा, असा दुप्पट दाब असतो. दोन फुटांवर पाण्याचा दाब नावापुरता. दहा मीटरवाला भरपूर झाला. धोका आहे तो उडीचा. कॅमेरा हातात धरून बोटीवरून धाडकन उडी मारली की आपटण्याचा दाब त्या दोन फुटांपेक्षा कितीतरी जास्त बसतो. शिडीने उतरावं, कॅमेरा मागून मागावा.

एक हात रिंगेला म्हटल्यावर दुसऱ्या हाताला तरंगणारा मनगटपट्टा लागतोच. केशरी रंगाचा, फोमचा, दोनशे-तीनशे रुपयांचा. डबीतला हलका कॅमेरा कधीकधी आपला आपणच तरंगतो, भरीव कॅमेरा सरळ तळाला जातो. पट्टा त्याला पेलतो का ते बादलीत सोडून बघायचं. बादली पुन्हा आली, हो. घरातले आता आपल्याकडे आणि बादलीकडे आळीपाळीने बघायला लागलेले असतात.

'रेड फिल्टर' म्हणून लाल काच गळ्यात मारायला बघतात, ती घेऊ नये. पाणी आधी लाल रंग खातं. पाचेक मीटरपर्यंत बराचसा लाल गेलेला असतो. आपली लालभडक सोलापुरी चादर तिथे नेऊन पसरली तर धुऊन धुऊन विटलेल्या तपकिरी घोंगडीसारखी दिसेल. फिल्टर त्या खोलीसाठी. वरच्या दोन फुटांत लावला तर मासे, वाळू, मेहुणा, सगळे गुलालात न्हालेले दिसतात. इथे ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की रंग फक्त खोलीने जात नाही, अंतरानेही जातो. मासा दोन मीटर अंतरावर असेल तर मधल्या दोन मीटर पाण्यानेही आपला घास घेतलेला असतो. म्हणून झूम विसरायचं आणि हातभर अंतरावर जायचं. फार जवळही नको. ॲक्शन कॅमेऱ्याला साधारण एक फुटाच्या आतलं धूसर दिसतं. मास्कच्या काचेतून सगळं पाव हिस्सा जवळ आणि एक तृतीयांश मोठं वाटतं, त्यामुळे आपला अंदाज चुकतो. (सोलापूरला परत येईपर्यंत तोच मासा आणखी दुप्पट होतो, त्याला विज्ञानाकडे उत्तर नाही.) फ्लॅश बंद. तिथल्या पाण्यात कण तरंगत असतात, फ्लॅश मारला की प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत गड्ड्याच्या यात्रेतली धूळ उतरते. ऊन डोक्यावर असताना, पाठीशी सूर्य घेऊन व्हिडिओच चालू ठेवावा. फोर के व्हिडिओतलं एक चित्र आठ मेगापिक्सलचं पडतं, घरी बसून त्यातलं बरं निवडता येतं.

आता झाकणातल्या त्या रबरी रिंगेकडे परत. सगळा खेळ तिचा. काळं किंवा पांढरं, शेवयासारखं रबर. त्यावर एक केस आडवा पडला की केसाच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढी फट राहते, आणि पाण्याला तेवढी पुरते. सोलापूरच्या गाडीत हा केस असतोच, आणि नसला तर शेंगा चटणी असते. मंगळवेढ्याच्या पुढे डबा उघडला जातो, कडक भाकरीचा चुरा मांडीवर पडतो, आणि त्याच बोटांनी कुणीतरी बॅटरीचं झाकण उघडून "चार्ज झाला का बघू" म्हणतं. लाल तिखटाचा एक कण, बस्स.

रिंग पुसायला काय घ्यावं, यात आपली फार मोठी पंचाईत आहे. ज्या टॉवेलने गावाचं नाव जगभर नेलं तो इथे चालत नाही. टर्किश टॉवेलची लव सुटते आणि नेमकी रिंगेवर बसते. चष्मा पुसायचं गुळगुळीत फडकं घ्यावं. बॅटरी आणि कार्ड खोलीतच घालून झाकण बंद करावं, किनाऱ्यावर उघडूच नये. सोलापूरची कोरडी हवा आयुष्यात पहिल्यांदा इथे कामाला येते: डबी इथूनच बंद करून नेली तर आत दमटपणा कमी. मालवणच्या घामट हवेत बंद केली तर कॅमेरा आतून तापतो, बाहेरून पाणी गार लागतं आणि काचेवर धुकं धरतं. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डबीत मावली तर सोबत सरकवावी. गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेला कॅमेरा तसाच पाण्यात घालू नये. आतली हवा एकदम आकसते आणि फट असेल तिथून पाणी ओढून घेते.

आत पाणी गेलंच, तर बॅटरी काढायची आणि चालू करून बघायचं नाही. मेहुणा तांदळाच्या डब्याकडे निघालेला असेल, त्याला अडवावं. तांदूळ मीठ काढत नाही, आणि नंतर भातात कॅमेऱ्याचा वास येतो.

पाण्यातून बाहेर आल्यावरचा अर्धा तास खरा महत्त्वाचा. मीठ सुकायच्या आत कॅमेरा, झाकण बंद ठेवूनच, गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवायचा आणि आतल्या आत बटणं दाबत राहायचं, म्हणजे त्यांच्या खाली अडकलेलं मीठ सुटतं. मग सावलीत पूर्ण वाळल्यावरच झाकण उघडायचं. नळाखाली जोराच्या धारेने धुऊ नये. सोलापूरकराला हे वेगळं सांगावं लागत नाही, जोराची धार त्याने बघितलेलीच नसते.

घरी पोचल्यावर एकदा पुन्हा भिजवावा, डबीच्या खटक्याच्या स्प्रिंगांसाठी. अडचण इतकीच की आपण रात्री अकराला पोचलेलो असतो, नळ येऊन तीन दिवस झालेले असतात, पिंपात हातभर पाणी असतं आणि आपण बादली घेऊन उभे असतो.

"अहो, पुन्हा? कॅमेऱ्याला आंघोळ?"

"दहा मिनिटं. पाणी वाया नाही जात, तुळशीला घालतो."

"खारं? तुळशीला?"

म्हणून ते पाणी संडासात.