रिडो कालव्याचे लॉक वाया गेले का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कॅनडातल्या ओटावाचा रिडो कालवा म्हणजे ब्रिटिशांनी उधळलेला पैसा, ज्या युद्धासाठी बांधला ते कधी झालंच नाही, पुढे रेल्वेने त्याला मारलं, आणि शहरातले आठ लॉक (बोटी वर-खाली नेणारे, दरवाजे लावलेले पाण्याचे कप्पे) आजही हाताने चालवतात हा नुसता हट्ट आहे, मोटर बसवून मोकळं व्हावं. यातलं बरंचसं मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

खर्च वाढला हे खरंच आहे. आकडा आठ लाख पौंडांच्या वर गेला आणि कालवा बांधणाऱ्या लेफ्टनंट कर्नल जॉन बायला १८३२ मध्ये, म्हणजे काम पुरं झालं त्याच वर्षी, इंग्लंडला बोलावून जाब विचारला गेला, १८३६ मध्ये तो वारला तोवर कसलाही मान मिळाला नव्हता. पण कालवा हवा का होता ते बघा ना. ब्रिटन आणि अमेरिकेच्या १८१२ च्या युद्धात कळून चुकलं की मॉन्ट्रियलहून किंग्स्टनला रसद न्यायची तर सेंट लॉरेन्स नदीतूनच, आणि तिच्या बऱ्याच लांबीला पलीकडचा काठ अमेरिकेचा, त्यांनी वाट अडवली की नदीच्या वरच्या अंगाचा अख्खा प्रांत तुटला. म्हणून ओटावा नदीवरून आत वळून २०२ किलोमीटरची ही आडवाट. वेढा पडला नाही म्हणून किल्ला फुकट गेला असं आपण म्हणतो का?

आणि रेल्वेचं म्हणाल तर क्रम उलटा आहे. सुरुवातीची वर्षं माल आणि स्थलांतरितांची कुटुंबं याच वाटेने वर जात होती, मग १८४० च्या दशकाच्या अखेरीस सेंट लॉरेन्सवरचेच लॉक तयार झाले आणि मोठा धंदा तिकडे वळला. ओटावात पहिली रेल्वे आली १८५४ मध्ये, तेव्हा गावाचं नाव अजून बायटाउन होतं.

माझ्या मते हे लॉक टिकले ते धंदा गेला म्हणूनच. रहदारी वाढत राहिली असती तर मोठ्या जहाजांसाठी ते कधीच फोडून काँक्रीटचे केले असते. बायने वाफेच्या बोटी ओळखून लॉक मोठे करायचा आग्रह धरला, अरुंद लॉकचा मूळ बेत बाजूला पडला आणि शेवटी १३४ फूट लांब, ३३ फूट रुंद हे माप ठरलं, ते आजही तसंच आहे. थॉमस मकायच्या गवंड्यांनी रचलेली ओटावाची ही पायऱ्यांसारखी आठ लॉकची रांग बोटीला साधारण २४ मीटर वर चढवते, आणि यात पंप कुठेच नाही. वरचं पाणी झडपेतून खालच्या लॉकमध्ये सोडायचं, पातळी सारखी झाली की दरवाजे उघडायचे, बस. दरवाज्याच्या दोन फळ्या वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणजे पाण्याचा जोर जितका जास्त तितके ते घट्ट. तिथले कर्मचारी हँडल फिरवून साखळीने दरवाजे ओढतात. आठही लॉक पार करायला दीडेक तास लागतो, पण तिथून आता लढाऊ सामान जात नाहीये, घाई कुणाला आहे? २००७ मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा म्हटलं, त्यात बराच भाग जुनी रचना चालू स्थितीत राहिली याचा आहे, मोटर लावली तर नेमकी तीच गोष्ट जाईल.

उधळपट्टीच मोजायची तर माणसांची मोजा. आयरिश आणि फ्रेंच कॅनेडियन मजूर दलदलीत खणत होते, मलेरिया खराब हवेने होतो अशी तेव्हाची समजूत, त्यामुळे डासांचा कुणाला संशयही नाही आणि क्विनाइन महाग. आजार आणि अपघात मिळून हजारेक माणसं गेली असा अंदाज आहे, बहुतेकांची नावंही राहिली नाहीत. त्यांच्या आठवणीचा क्रॉस ओटावाच्या लॉकजवळ उभा आहे. आणि ही जमीन अल्गॉनक्विन लोकांची, त्यांनी ती करार करून कधी दिलीच नव्हती. ब्रिटिशांच्या हिशोबाला नावं ठेवायची तर इथून सुरुवात करा, मी तुमच्या बाजूने आहे.

मोटरबद्दल अजूनही शंका असेल तर याच कालव्यावरच्या स्मिथ्स फॉल्स गावाला काय केलं ते बघा. तिथले तीन जुने लॉक १९७० च्या दशकात बंद करून शेजारी एकच यांत्रिक काँक्रीटचा लॉक बांधला. काम पटकन होतं यात वाद नाही. पण जुने तिघे बाजूलाच आहेत, दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघा, आणि ओटावात यातलं काय हवं ते मला सांगा.