भांडणाला कुठे टंचाई आहे?

मार्च सरत आला. तालुक्याचा पाणीटंचाई आराखडा मंजूर झाला असेल, नसेल. तुम्ही मात्र तुमच्या भांडणाचा आराखडा आताच करून ठेवा. ऐन मे महिन्यात आयत्या वेळी भांडायला उभं राहिलं की फार धांदल उडते. घसा कोरडा, अंगात त्राण नाही, आणि मागच्या वर्षीची कुरापत नेमकी आठवत नाही.

आधी माणूस नीट निवडा. ज्याच्याकडेही पाणी नाही अशाच माणसाशी भांडावं. बांधाला बांध असेल तर उत्तम, चुलतभाऊ असेल तर सोन्याहून पिवळं. वर चणकापूर, हरणबारी, पुनद या धरणांत पाणी अडवल्यावर गिरणा धरणात किती उरतं, हा हिशेब मांडत बसू नका. तो मांडला तर भांडायला नाशिकला जावं लागतं, एसटीचं भाडं पडतं. तापीवरच्या पाडळशाच्या धरणाचं काम गेल्या शतकात सुरू झालं, ते अजून चालूच आहे. त्याच्याशीही भांडू नका, कामात व्यत्यय येतो. तापी आपल्या दारावरून जाऊन गुजरातेत उकाई भरते, तर भरू द्या. चुलतभाऊ कसा, समोरच्या ओट्यावर बसलेला असतो. हाक मारली की भांडण सुरू.

आता टँकर. जागा धरायची रीत गावोगावची वेगळी. आमच्याकडे पूर्वी हंडा ठेवायचे. हंडे चोरीला जाऊ लागले तेव्हा फुटक्या कळश्या ठेवल्या. आता फक्त एक चप्पल ठेवतात, डाव्या पायाची. एकटी चप्पल कोणी चोरत नाही आणि उजवी घरी पुरावा म्हणून राहते. टँकरवाला विहिरीत पाईप सोडतो, पाणी तळाला पोचून गढूळ होईपर्यंतही कोणाला धीर नसतो. चाळीस दोर एकदम खाली जातात, बादलीवर बादली आपटते, दोरात दोर अडकतो आणि मग वरती वेणीत वेणी. इथे एक सूचना महत्त्वाची. "आठे मना हंडा व्हता!" आणि "तुना बापनी विहीर शे का?" ही दोन वाक्यं अहिराणीतच म्हणावीत. प्रमाण मराठीत म्हटली तर ती अर्जासारखी वाटतात, समोरची बाई घाबरत नाही.

टँकरचा सरकारी हिशेब माणशी रोज २० लिटरचा. नळाचा, २०१९ च्या जलजीवन योजनेपासून, माणशी ५५ लिटरचा. मधले ३५ लिटर कुठे गेले ते विचारू नका. विचारलंत तर भांडण गल्लीबाहेर जाईल आणि आपल्याला ते गल्लीतच ठेवायचं आहे.

तालुक्या-तालुक्यांतही वैर जोपासता येतं. २०२३ साली सरकारने राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरवले, त्यात आपल्या खानदेशातले चाळीसगाव, शिंदखेडा आणि नंदुरबार होते. बाकीच्यांनी त्यांचा हेवा करावा. दुष्काळ मिळावा म्हणून मोर्चा काढणारी माणसं आपलीच. त्यांना नावं ठेवू नका, फी माफी त्याच यादीवर असते.

शेतकरी असाल तर बोअर मारा. शेजारी तीनशे फूट गेला तर तुम्ही पाचशे जा. त्याला पाणी लागलं म्हणजे ते तुमचंच होतं असं समजा, कारण खालून खडक कोणाचा सातबारा वाचत नाही. साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल ती 'खोल विहीर' आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ती खणायला मनाई, असं राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात लिहिलंय. बोअरच्या गाडीवाल्याला हे वाचून दाखवा. तोही बिचारा उन्हातान्हात येतो, तेवढाच हसेल.

नदीकाठच्यांना संधी जास्त. पिण्यासाठी गिरणेत आवर्तन सोडलं की काठावरच्या मोटारींची वीज तोडतात. अशा वेळी डिझेल इंजिन कामी येतं. वरच्या गावाने रात्रीतून वाळूचा बांध घालावा, खालच्या गावाने तो पहाटे कुदळीने फोडावा. दोन्ही कामांत तरुणांना व्यायाम आहे. वाळूच्या डंपरकडे मात्र कोणी पाहू नये. नदीत पाणी धरून ठेवते ती वाळू, आणि ती रोज रात्री रस्त्याने निघून जाते, हे खरं. पण डंपरवाल्याशी भांडण हे भांडण नसतं. त्यात एकच बाजू घरी परतते.

एका गोष्टीपासून सावध राहा. पांझरा नदीकाठचा एखादा म्हातारा फडाच्या गोष्टी सांगू लागला तर उठून जा. बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे मोठे पट्टे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी पाटकरी देणार, शेतकऱ्याने बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही. पाणी कमी दिसलं की सगळे बसून ठरवणार, यंदा हा फड कोरडा. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणून मार सगळ्यांना सारखा. शेकडो वर्षं हे चाललं. इतकी वर्षं पाणी कमीच होतं आणि भांडायला काही मिळत नव्हतं! विहिरी आल्या, मोटारी आल्या, वर धरणं झाली, तेव्हा कुठे आपण मोकळे झालो.

डोकी फुटली तर ठाण्यात जाच. हंड्यासाठी टाके पडले तरी पेपरात 'किरकोळ कारणावरून हाणामारी' असंच छापून येतं. रागावू नका. ज्याच्या घरी नळाला पाणी येतं त्याने लिहिलेलं असतं ते.

आमचा आणि चुलत्यांचा दावा बारं फोडल्यावरूनच चालू आहे. मागची तारीख आषाढातली होती. त्यांची गाडी बंद पडलेली, म्हणून एकाच मोटारसायकलवर निघालो, मी पुढे, प्रतिवादी मागे. नाल्याच्या फरशीवरून कमरेएवढं पाणी वाहत होतं. दोन तास काठावर बसलो, त्यांनी तंबाखू मळली, मला दिली. कोर्टात पोचलोच नाही. वकिलाने फोनवर पुढची तारीख सांगितली: एप्रिलची.