एक तारा देणाऱ्या काकांना, फ्लोट टँकच्या मालकिणीकडून

नमस्कार काका,

काउंटरवर पोरं तुम्हाला काकाच म्हणत होती, म्हणून मीही तेच म्हणते. खटकलं तर सांगा.

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागात होते, म्हणून थांबले. काल त्या दिवसाचं रजिस्टर काढलं, ड्यूटीवरच्या मुलाशी बोलले, आणि आज लिहितेय.

ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलीने साठीनिमित्त दिलेलं व्हाउचर घेऊन काका गेल्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्याकडे फ्लोटिंगला, म्हणजे अंधाऱ्या बंद टाकीतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत पडून राहायला, आले. तासाचे अडीच हजार. त्यांचं म्हणणं असं: मान आखडली, डोळ्यांत पाणी जाऊन आग झाली, दिव्याचं बटण सापडेना, बाहेर ढोल बडवत होते, दुसऱ्यांनी वापरलेल्या पाण्यात झोपवलं, घरून अंघोळ करून आलो तरी परत अंघोळ करायला लावली, आणि एवढं करून "शांती वगैरे काही नाही, अंधारात तासभर उद्याच्या भाजीचा विचार केला." शेवटची ओळ, "ध्यान आपल्याकडे फुकट मिळतं, अमेरिकेचं खारं पाणी हवंय कशाला?"

आधी ढोलाचं घेते, कारण तिथे मला बोलायला तोंडच नाही. आमच्या मागे नदीकाठी जुलैपासून दोन पथकांचा सराव चालतो, साधारण सहा ते नऊ. हे मला माहीत होतं. मी स्वतः सात वर्षं ताशा वाजवलाय, तेव्हा त्यांच्या नावाने बोंब मारायचा मला अधिकार नाही आणि मारायचीही नाही. टँकची खोली आम्ही दुहेरी भिंतीची केली, टँकखाली जाड रबर घातलं, कानात घालायला मेणाचे बोळे देतो. गाड्यांचे हॉर्न, जिन्यातली बडबड, गल्लीतली कुत्री, हे सगळं त्यात अडतं. ढोलाचा ठोका अडत नाही. तो हवेतून कमी आणि जमिनीतून, पिलरमधून जास्त येतो, आणि कान पाण्याखाली असले की थेट कवटीत वाजतो. तुम्ही लिहिलंय, "ठोके माझ्या छातीचे की ढोलाचे तेच कळेना." हे वाचून मी आधी हसले आणि मग मला लाज वाटली. शांततेचे पैसे घ्यायचे आणि सरावाच्या वेळेचा स्लॉट द्यायचा, हे चुकलंच. अनंत चतुर्दशीपर्यंत संध्याकाळचे सगळे स्लॉट बंद केलेत. ज्यांचं बुकिंग होतं त्यांना फोन करून सकाळची वेळ दिली. दोघांनी पैसे परत मागितले, ते दिले.

आता डोळे, बटण आणि मान. रजिस्टरप्रमाणे तुमच्या आधीचे गृहस्थ पंधरा मिनिटं उशिरा बाहेर आले. दोन माणसांच्या मधली पाणी गाळायची वेळ आम्हाला कमी करता येत नाही, टायमर संपल्याशिवाय खोली तयार झाल्याचा हिरवा दिवाच लागत नाही. मग कमी झाली ती तुम्हाला सगळं समजावून सांगायची दहा मिनिटं. मुलगा घाईत म्हणाला, "काका, बाकी सगळं भिंतीवर लिहिलंय."

लिहिलंय खरं. काल दुपारी मी त्या शॉवरमध्ये जाऊन उभी राहिले, दिवा मंद करून, चष्मा काढून. माझा नंबर साडेतीन आहे. मला एवढंच दिसलं की भिंतीवर काहीतरी निळं आहे. तीन वर्षं तो कागद तिथे आहे! इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि लावलाय नेमका अशा जागी की जिथे माणूस चष्मा काढूनच पोचतो. तीन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी कानाआड केलं असेल. आता तिथे मराठीत, वीतभर अक्षरांत चार ओळी आहेत, आणि टँकमधल्या दिव्याच्या बटणावर रेडियमचा ठिपका चिकटवलाय, अंधारात दिसेल असा. टँकच्या झाकणाला कडी नसते, आतून नुसतं ढकललं की उघडतं, ते उघडं ठेवूनही तरंगता येतं, हेही त्या चार ओळींत आहे.

जे तुम्हाला गुरुवारी सांगायला हवं होतं ते आता सांगते, उशिरा का होईना. उजव्या हाताला साध्या पाण्याची फवारणीची बाटली आणि छोटा नॅपकिन अडकवलेला असतो. आत पडल्यावर नाकाला किंवा कपाळाला खाज सुटतेच, कशी कोण जाणे, आणि हात आपोआप तोंडाकडे जातो. त्या हाताचं पाणी डोळ्यांत गेलं की भल्याभल्यांना आई आठवते. ते नुसतं खारटही नाही, चव घेतलीत तर कडू लागेल. सकाळी दाढी केलेली असली तर गालही चुरचुरतात. दाढी करून येऊ नका असं आम्ही आदल्या दिवशी फोनवर सांगतो, पण व्हाउचर मुलीने घेतलेलं, फोन मुलीला गेला.

मानेचं वेगळं आहे. डोकं पाच किलोच्या आसपास भरतं आणि जागेपणी मान ते सतत तोलत असते. पाण्यावर पडल्यावरही तिला खरं वाटत नाही की आता सोडलं तरी चालेल. पहिल्यांदा येणारे पुष्कळ जण अख्खा तास डोकं उचलून धरतात आणि त्यांचं त्यांनाच कळत नाही, कळतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला वाकल्यावर. हात डोक्याच्या वर पसरायचे, पाळण्यातल्या बाळासारखे, की खांदे सुटतात. तेवढ्यानेही नाही जमलं तर मानेखाली घ्यायला फोमची रिंग मिळते. ती कपाटात होती. तुम्हाला कुणी विचारलं नाही.

इथपर्यंत चूक आमची. पाण्यावर मात्र मी भांडणार.

होय, पाणी तेच असतं. दर माणसामागे नवीन पाणी आम्ही भरत नाही, आणि भरतो असं कधी म्हटलेलंही नाही. टँकमध्ये जेमतेम एक फूट पाणी असतं, साधारण ९०० लिटर, आणि त्यात ५०० किलो मीठ. म्हणजे २५ किलोच्या २० गोण्या. हे जेवणातलं मीठ नव्हे, एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या झऱ्यावरून ते नाव पडलं. आपल्याकडे पानं पिवळी पडली की द्राक्षवाले बागेत देतात तेच, फक्त आमचं औषधी प्रतीचं. पहिल्यांदा गोण्यांचा टेम्पो आला तेव्हा वॉचमनने विचारलं होतं, "मॅडम, शेती घेतली का?" एवढं मीठ विरघळलं की पाणी जड होतं, मृत समुद्राच्या पाण्याइतकं किंवा काकणभर जास्तच, म्हणून पोहता न येणारा माणूसही बुचासारखा वर राहतो. ते ३५ अंशांच्या आसपास ठेवतात, कातडीच्या तापमानाइतकं, म्हणजे थोड्या वेळाने पाणी कुठे संपतं आणि आपण कुठे सुरू होतो ते समजेनासं होतं.

दोन माणसांच्या मध्ये अर्धा तास पंप चालतो. सगळं पाणी तीनदा बारीक फिल्टरमधून आणि अतिनील दिव्यासमोरून जातं, शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक घालतो. इतक्या मिठात बऱ्याच जंतूंना तग धरणं कठीण जातं, पण आम्ही त्या भरवशावर बसत नाही. दर चाचणीचा कागद काउंटरवर फाइलमध्ये असतो, मागितला की कुणालाही दाखवतो. तलावावर पोहायला जाता तेव्हा तुमच्याबरोबर त्याच पाण्यात आणखी तीस जण असतात, तेव्हा कुणी विचारत नाही.

आणि अंघोळ. काका, डोक्याला तेल होतं. खोबरेल. मुलाला वासावरून कळलं. तेल पाण्यावर पसरतं, फिल्टरला चिकटतं, आणि पुढच्या माणसाच्या नाकाशी येऊन थांबतं. तुमच्या आधीच्या माणसालाही शाम्पू लावायला लावलाच होता. ज्या स्वच्छतेवरून तुम्ही तारे कापलेत, तिच्यासाठीच ही कटकट आहे.

अमेरिकेचं म्हणालात ते खरं. १९५४ साली बेथेस्डाच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत जॉन लिली नावाच्या डॉक्टरने पहिली टाकी केली. तेव्हा मीठ नव्हतं, डोक्यावर श्वासाचा मुखवटा चढवून माणूस पाण्यात बुडून राहायचा. प्रश्न असा होता की बाहेरून उजेड, आवाज, स्पर्श काहीच मिळालं नाही तर मेंदू झोपी जातो का. उत्तर निघालं, जात नाही. बाहेरचं बंद झालं की तो घरातलं काढून बसतो. तुमच्या बाबतीत भाजी निघाली. माझ्या पहिल्या वेळी सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी निघाली होती, चाळीस मिनिटं. पुढे लिली टाकीत उतरताना एलएसडी आणि केटामिन ही भास घडवणारी द्रव्यं घ्यायला लागले आणि त्यांचे किस्से ऐकून लोकांना वाटू लागलं की आत काहीतरी दिसलंच पाहिजे. तो गैरसमज अजून आमच्या दारात येतो. बरं, १९७२ मध्ये ग्लेन पेरी यांनी घरोघरी ठेवता येतील असे टँक विकायला सुरुवात केली, त्या कंपनीचं नाव ठेवलं 'समाधी'. म्हणजे आपलंच नाव परदेशात जाऊन मिठात मुरून आलंय.

पण तुमची निराशा भाजीमुळे झाली नाही, आमच्या पोस्टरमुळे झाली. जिन्यात लावलं होतं, "एक तास म्हणजे चार तासांची झोप." हे वाक्य या धंद्यात सगळीकडे फिरतं, मीही कुठूनतरी उचललं. त्याला आधार नाही. "त्वचेतून मॅग्नेशियम शरीरात जातं" ही पत्रकातली दुसरी ओळ, तिचाही पुरावा लंगडा आहे. दोन्ही काल काढल्या. संशोधन नाहीच असं नव्हे. अमेरिकेत टल्सा इथे चिंता आणि ताणाने त्रासलेल्या ५० जणांना एकेक तास तरंगवलं, २०१८ मध्ये ते छापून आलं, आणि बाहेर आल्यावर त्यांची चिंता बरीच उतरलेली होती. पण मोजलं ते लगेच, एकाच तासानंतर, आणि तुलनेला न तरंगलेल्या रुग्णांचा दुसरा गट नव्हता. तेवढ्यावर मी तुमची झोप, रक्तदाब आणि गुडघे बरे करायचं कबूल करणार नाही.

फुकटच्या ध्यानाबद्दल काहीच वाद नाही. ज्याला घरी पाटावर बसून जमतं त्याने अडीच हजार घालवू नयेत. मला जमत नाही, खाली कुणाचं तरी पार्सल येतं.

पैसे आज दुपारी मुलीच्या ज्या खात्यातून आले त्यातच परत गेलेत. पुन्हा यावंसं वाटलं तर रविवारी सकाळी साडेसातचा स्लॉट तुमच्या नावाने ठेवलाय, त्याचे पैसे नाहीत, आणि समजावून मी स्वतः सांगेन. नाही आलात तरी हरकत नाही. तारा एकच राहू द्या, तो बदला असं मी म्हणणार नाही.

चष्म्याची डबी शॉवरच्या फळीवर राहिली होती. तपकिरी, आत पिवळं फडकं. काउंटरच्या वरच्या खणात आहे, सकाळी सातपासून कधीही घेऊन जा.